कारागिरी जपायची म्हणजे काय जपायचे?

आल्प्सच्या उत्तर उतारावर, दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या आल्गॉय भागात, सप्टेंबरात गुरे डोंगरावरून खाली उतरतात. उन्हाळ्याचे सुमारे शंभर दिवस उंचावरच्या कुरणांत चरलेली ही तरणी जनावरे गुराखी गावात आणतात आणि ज्याची त्याला परत देतात. ‘फीशाइड’ या त्या दिवसाच्या नावाचा अर्थच मुळी गुरे वेगळी करणे असा आहे. कळपाच्या पुढे चालणाऱ्या जनावराच्या डोक्यावर डोंगरी फुलांचा आणि हिरव्या डहाळ्यांचा उंच मुकुट असतो, त्यात क्रूस असतो, अरिष्ट परतवणारा आरसा असतो, आणि तो मुकुट पाहायला दूरदूरहून माणसे आलेली असतात. मी गेले होते त्या गावात दोन कळप असे मुकुट मिरवत आले. तिसरा आला तो गळ्यातल्या मोठमोठ्या घंटांच्या आवाजात, पण मुकुटाविना. माझ्या शेजारी फोन उंचावून उभ्या असलेल्या बाईंनी काहीशा नाराजीने कारण विचारले, तेव्हा कुंपणाला टेकलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने सांगितले, की या कळपातले एक वासरू जुलैत कड्यावरून पडून गेले. ज्या उन्हाळ्यात जनावर दगावते त्या वर्षी मुकुट बांधायचा नसतो.

पोळ्याला गोठ्यातला एखादा बैल आजारी असेल तर बाकीच्यांच्या शिंगांना बेगड लावायलाही माझ्या आजोबांचे हात धजत नसत, त्यामुळे त्या उत्तराचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते गर्दीपुढे न झुकण्याचे. गावातल्या खानावळी, बिअरचा मांडव, शेतांत केलेले वाहनतळ, हे सगळे त्या दिवसाच्या पाहुण्यांवर चालणार होते, आणि तरीही पाहुणे जी गोष्ट पाहायला आले तीच नाकारण्याचा अधिकार गुराख्यांनी आपल्याकडे ठेवला होता. प्रथा जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची माझ्या मते याहून खात्रीची खूण नाही.

परंपरा जपण्याविषयी आज सरकारे, पर्यटन मंडळे आणि आंतरराष्ट्रीय संस्था पुष्कळ बोलतात. युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा करार २००३ मध्ये केला. स्वित्झर्लंडने तो २००८ मध्ये, ऑस्ट्रियाने २००९ मध्ये आणि जर्मनीने २०१३ मध्ये स्वीकारला, आणि तेव्हापासून तिन्ही देशांत जपण्याजोग्या प्रथांच्या आणि कारागिरीच्या याद्या वाढतच आहेत. यादीत नाव आले की फलक लागतो, माहितीपत्रक छापले जाते, प्रवासी येऊ लागतात. पण त्या फलकामागे नेमके काय जपले जाते? वस्तूचे रूप, की ती वस्तू घडवू शकणारी माणसे आणि ती केव्हा घडवायची, कशी बदलायची, केव्हा घडवायचीच नाही हे ठरवण्याचा त्यांचा अधिकार? रूप जपण्यावर आपण नको इतका भर देतो असे माझे मत आहे. शिकण्या-शिकवण्याची साखळी तुटली किंवा निर्णयाचा अधिकार गावाबाहेर गेला, तर रूप कितीही हुबेहूब राहिले तरी हाती सजावटच उरते. जर्मन बोलणाऱ्या प्रदेशांत केलेल्या प्रवासांत हे मत हळूहळू पक्के होत गेले, आणि त्याची सुरुवात तिथल्या सर्वांत परिचित वस्तूपासून झाली.

नैऋत्य जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ प्रदेशाचे कुकू घड्याळ आपल्यापैकी अनेकांनी कुणाच्या तरी दिवाणखान्यात पाहिलेले असते. उतरत्या छपराचे ते लाकडी घरकुल शेकडो वर्षांपूर्वीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घराची प्रतिकृती असावी अशीच पाहणाऱ्याची समजूत होते. वस्तुस्थिती अशी, की १८५० मध्ये फुर्टवांगेन येथील घड्याळ बनवण्याच्या नव्या सरकारी शाळेचे संचालक रोबर्ट गेर्विग यांनी घड्याळांसाठी नवे आराखडे मागवले, आणि त्याला प्रतिसाद म्हणून कार्ल्सरूहेचे वास्तुविशारद फ्रीडरिश आयझेनलोर यांनी जो आराखडा दिला तो रेल्वेच्या चौकीदाराच्या घराचा होता, कारण बाडेनच्या नव्या लोहमार्गावरच्या इमारती त्यांनीच आखल्या होत्या. ज्याला आपण अनादि ग्रामीण रूप मानतो ते त्या काळातल्या अत्यंत आधुनिक इमारतीचे रूप आहे. यात मला फसवणूक दिसत नाही. घड्याळ करणाऱ्यांची कला आधीपासून तिथे होती, तिला बाजारात ओहोटी लागली होती, शाळेने तिला नवा चेहरा दिला आणि कारागिरांनी तो इतका आपलासा केला की नंतर कोरलेल्या पानवेलींखाली त्याचे मूळही दिसेनासे झाले. परंपरेत नवे शिरले तर ती भ्रष्ट होते, असे म्हणणाऱ्यांनी या घड्याळाचा विचार करावा.

त्याच प्रदेशाची दुसरी ओळख म्हणजे लाल लोकरी गोंड्यांची टोपी, ‘बोलेनहूट’. पाकिटांवर, पोस्टरांवर आणि विमानतळावरच्या दुकानांत ती सगळ्या ब्लॅक फॉरेस्टची म्हणून मिरवते, पण मुळात ती गुटाख, किर्नबाख आणि राइशेनबाख या तीनच प्रोटेस्टंट गावांची आहे. अविवाहित मुलीच्या टोपीवरचे गोंडे लाल, विवाहितेच्या टोपीवरचे काळे. गोंडे चौदा, आणि टोपीचे वजन दोन किलोपर्यंत जाऊ शकते. हा खरे तर त्या तीन गावांतल्या माणसांनी एकमेकांना वाचण्याचा मजकूर होता. पर्यटनाच्या चित्रांत काळी टोपी जवळजवळ दिसतच नाही, म्हणजे त्या मजकुरातला अर्धा भाग गळून पडला आणि उरलेला शोभेचा झाला.

परंपरेचा पोत किती दूरदूरच्या धाग्यांनी विणलेला असतो हे मला सर्वांत जवळून दिसले ते ऑस्ट्रियाच्या बुर्गेनलांडमध्ये, निळ्या छपाईच्या एका कार्यशाळेत. ‘ब्लाउड्रुक’ हे त्या कारागिरीचे नाव. पांढऱ्या सुती कापडावर लाकडी ठशाने एक घट्ट लेप उमटवतात. ठशाचे बारीक ठिपके आणि रेषा पितळी खिळ्यांनी व पट्ट्यांनी घडवलेल्या असतात, आणि काही ठसे तीनशे वर्षांपर्यंत जुने आहेत. लेपात चिकणमाती आणि डिंक असतो, आणि तो जिथे बसतो तिथे रंग शिरत नाही. छापलेले कापड बरेच दिवस वाळू देतात, मग लोखंडी चक्राच्या आकड्यांना घडीघडीने अडकवून निळीच्या खोल हौदात सोडतात. मी तिथे उभी असताना कप्पीच्या दोराने ते चक्र वर आले तेव्हा कापड निळे नव्हते, कच्च्या कैरीच्या सालीसारखे हिरवे-पिवळे होते. हवा लागताच कडांपासून रंग फिरू लागला आणि पाहता पाहता निळा झाला. चक्र पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. ही बुडी कितीदा द्यायची ते हवी असलेली निळाई पाहून रंगारी ठरवतो. शेवटी सौम्य आम्लाच्या पाण्यात लेप सुटतो आणि खाली झाकलेली पांढरी नक्षी उघडी पडते. रंगाऱ्याच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. त्या सुट्टीतही जात नाहीत, असे तो म्हणाला.

ही कला युरोपात उगवलेली नाही. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून हिंदुस्थानची ठशांनी छापलेली, रंग न जाणारी सुती कापडे, म्हणजे आपली चीट, हॉलंडच्या आणि इंग्लंडच्या बंदरांत उतरली आणि तिच्या अनुकरणातून युरोपातली छपाई उभी राहिली. नीळ तर त्याआधीच आली होती, आणि तिचे स्वागत मुळीच झाले नव्हते. थुरिंगियातल्या एर्फुर्ट, गोथा, आर्नश्टाट यांसारख्या शहरांची श्रीमंती ‘वाइड’ नावाच्या पिवळ्या फुलांच्या रोपापासून काढलेल्या निळ्या रंगावर उभी होती. परदेशी नीळ त्यांच्या मुळावर आली, म्हणून १५७७ च्या शाही फर्मानाने तिला कापड खाणारा सैतानी रंग ठरवून तिच्यावर बंदी घातली. बंदी टिकली नाही, वाइडची शेती बुडाली. मग तीनशे वर्षांनी चाक उलटे फिरले. आडोल्फ फोन बायर यांनी निळीची रासायनिक रचना उलगडली, लुडविग्जहाफेनच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारच्या निळीचा भाव कोसळला. तिथल्या गोऱ्या मळेवाल्यांनी त्या तोट्याचा भार वाढीव खंडाच्या रूपाने कुळांवर लादला, आणि १९१७ चा चंपारणचा सत्याग्रह याच अन्यायाविरुद्ध होता. बुर्गेनलांडच्या म्हाताऱ्या शेतकरणीच्या निळ्या पदरात (तिथे त्याला एप्रन म्हणतात, पण डोळ्यांना तो पदरच वाटतो) इतका सगळा इतिहास मुरलेला आहे.

युनेस्कोने २०१८ मध्ये ही निळी छपाई ऑस्ट्रिया, जर्मनी, चेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या पाच देशांची मिळून यादीत घेतली. एका राष्ट्राची अशी तिची नोंद झाली नाही, याचे मला मनापासून समाधान वाटते. पण त्या नोंदीने एक गोष्ट बदललेली नाही. पूर्वी ऑस्ट्रियात ठिकठिकाणी निळा रंगारी होता, आता पारंपरिक पद्धतीच्या दोनच कार्यशाळा उरल्या आहेत, आणि कला घराण्यातच एका पिढीकडून दुसरीकडे जाते. घरातल्या एका मुलाने वेगळा व्यवसाय निवडला की तीनशे वर्षांचे ठसे संग्रहालयात जाणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यादी तिथे काही करू शकत नाही.

लोकपरंपरेला शुद्ध मानण्याचा आग्रह भाबडा म्हणून सोडून द्यावा असाही नाही, कारण त्या आग्रहाने याच भूमीत माणसांचे बळी घेतले आहेत. ज्यूलियस आणि मोरित्स वालाख या ज्यू बंधूंनी १९०० मध्ये म्युनिकमध्ये लोकवेशाचे दुकान काढले आणि आल्प्सच्या खेड्यातला डिर्न्डल हा बायकांचा साधा झगा शहरात लोकप्रिय करण्यात मोठा वाटा उचलला. नाझी राजवटीत १९३८ साली ते दुकान त्यांच्याकडून हिरावून घेतले गेले. त्याच वर्षी साल्झबुर्गमध्ये ज्यूंना डिर्न्डल आणि चामड्याची तुमान असा स्थानिक वेश घालायलाच पोलिसांनी मनाई केली. ज्यांनी तो वेश आपल्या कष्टाने जगवला त्यांनाच तो तुमचा नाही असे सांगण्यात आले. परंपरा कुणाची हा प्रश्न रक्तावरून सोडवायला गेले की काय होते, याचे याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही, आणि म्हणूनच परंपरेचा हक्क शिकणाऱ्याकडे असावा असे मी आग्रहाने म्हणते.

शिकणाऱ्याकडे म्हणजे कसा, हे सॅक्सनीच्या एर्त्सगेबिर्ग डोंगरांतल्या झाइफेन गावात पाहायला मिळते. हा खाणींचा मुलूख. कथिलाच्या खाणी आटत गेल्या तसे खाणकामगार लाकूड कातू लागले आणि गाव कातारी झाले. हिवाळ्यात पहाटे अंधारात खाणीत उतरून अंधारातच वर येणाऱ्या माणसांच्या या डोंगरांत नाताळच्या दिवसांत घराघरांच्या खिडक्यांत कमानीवर दिवे लागतात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे घरात जितके मुलगे तितके लाकडी खाणकामगार आणि जितक्या मुली तितके देवदूत हातात मेणबत्त्या घेऊन खिडकीत उभे केले जातात. रस्त्यावरून जाणाऱ्याला घरात किती मुले आहेत ते कळते. गावाला आपल्या वस्तूची स्वतःला गरज असणे हा कारागिरीचा पहिला आधार, आणि झाइफेनमध्ये तो अजून शाबूत आहे.

दुसरा आधार उमेदवारीचा. लाकडी खेळणी बनवणे हा जर्मनीत मान्यताप्राप्त व्यवसाय आहे आणि त्याचे शिक्षण तीन वर्षांचे असते: कार्यशाळेत उस्तादाच्या हाताखाली काम, सोबत व्यवसायशाळेत शिक्षण, शेवटी परीक्षा. उमेदवाराला पगार मिळतो. २०२० पासून तर सर्वच व्यवसायांतल्या उमेदवारांसाठी किमान वेतन कायद्याने ठरले आणि त्या वर्षी ते पहिल्या वर्षाच्या उमेदवाराला महिना ५१५ युरो होते. रक्कम मोठी नाही. पण शिकण्याच्या काळाला किंमत आहे, तो काळ आईबापांच्या खिशातून किंवा शिकणाऱ्याच्या उपासातून भागवायचा नाही, हे समाजाने मान्य केले आहे.

या व्यवस्थेवर जर्मनीत कडाक्याचा वाद झाला आहे, आणि तो मला फार बोधक वाटतो. १९५३ च्या हस्तव्यवसाय कायद्याने अनेक व्यवसायांत स्वतःचे दुकान काढायला ‘माइस्टर’ म्हणजे उस्तादाची परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक केले होते. बेकारी वाढली होती, स्पर्धा हवी होती, म्हणून २००४ मध्ये सरकारने ५३ व्यवसायांना ही अट माफ केली. परवानगीचे अडसर कमी करावेत, जुन्या मंडळींची मक्तेदारी मोडावी, ग्राहकाने स्वतः निवडावे, हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नव्हता. पण परिणाम असा झाला, की फरशी बसवण्यासारख्या व्यवसायांत एकट्यादुकट्याने चालवलेल्या धंद्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि उमेदवार घडवणारी दुकाने कमी झाली, कारण शिकवायला वेळ लागतो आणि ज्याला शिकवण्याचे बंधन नाही तो स्वस्तात काम करू शकतो. अखेर २०२० मध्ये बारा व्यवसायांना ती अट पुन्हा लागू करण्यात आली. त्यांत फरशीवाले होते, लाकडी पिंपे करणारे होते, ऑर्गन बांधणारे होते, आणि लाकूड कातणारे व खेळणी बनवणारेही होते. एका औद्योगिक राष्ट्राच्या संसदेने खेळणी करणाऱ्या कातारी माणसाच्या परीक्षेचा विचार करावा, यात मला त्या समाजाची कारागिराविषयीची खरी आस्था दिसते. संग्रहालयाच्या उद्घाटनात ती इतकी दिसत नाही.

अर्थात उस्तादगिरीची जुनी बाजू काळी आहे. मध्ययुगातल्या कारागिरांच्या श्रेणी, म्हणजे त्यांचे व्यवसायसंघ, आपल्यात ज्यूंना घेत नसत, स्त्रियांना बहुधा दूर ठेवत, उस्तादाच्या मुलाला सवलत आणि परक्याला अडथळे देत. झाइफेनच्या घराघरांत चालणाऱ्या खेळण्यांच्या धंद्यात लहान मुलांचे हात रात्री उशिरापर्यंत राबत, कारण खेळणी कवडीमोलाने विकली जात. हे विसरून उमेदवारीचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आजच्या व्यवस्थेचे मोल मला वाटते ते याचसाठी, की तिने कारागिरीला घराण्यापासून आणि जन्मापासून सोडवले. हाम्बुर्गच्या शिक्षकाची मुलगी झाइफेनला येऊन कातारी होऊ शकते, आणि तीन वर्षांनी तिला ‘तू इथली नव्हेस’ असे म्हणायची सोय कुणाला राहत नाही.

प्रथांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक अवघड होतो, कारण प्रथेला परीक्षा नसते. उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटावर ५ डिसेंबरच्या संध्याकाळी ‘क्लासओम’ हा सण असतो. बेटावरच्या पुरुषांची एक जुनी संस्था तो करते, आणि त्यात मुखवटेधारी तरुणांसमवेत फिरणारे लोक रस्त्यावर सापडलेल्या स्त्रियांना धरून ठेवत आणि मुखवटेधारी त्यांना गाईच्या शिंगाने मारत. बाहेरच्यांनी त्यात डोकावू नये असा बेटाचा दंडक होता. २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका वृत्तपटाने हे उघडकीला आणले, देशभर संताप उसळला, बेटावरच्या काही स्त्रियाही सणाच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या, आणि अखेर त्या संस्थेने मारण्याची चाल बंद केल्याचे जाहीर केले. त्या वर्षी सण झाला तो त्याविना.

निर्णयाचा अधिकार गावाकडे असावा असे मी वर म्हटले आहे, आणि बोर्कुमने त्या म्हणण्याची मर्यादा मला दाखवली. गाव म्हणजे कोण, हे आधी विचारले पाहिजे. ज्यांच्या अंगावर शिंग पडते त्यांना ठरवण्यात वाटा नसेल तर तो गावाचा अधिकार नव्हे, गावातल्या काहींचा आहे, आणि तिथे कायद्याने आत येणे योग्यच आहे. बव्हेरियातल्या ओबरआमरगाउ गावात १६३३ च्या प्लेगमध्ये केलेल्या नवसाप्रमाणे दर दहा वर्षांनी येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाट्य होते. भाग घेणारा त्या गावात जन्मलेला किंवा वीस वर्षे राहिलेला असावा लागतो. विवाहित किंवा पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना त्यात भाग घ्यायला बंदी होती. गावातल्याच स्त्रिया न्यायालयात गेल्या आणि १९९० मध्ये ती बंदी उठली. त्याच वर्षापासून दिग्दर्शक असलेले ख्रिस्तियान श्टूक्ल यांनी संहितेतला ज्यूद्वेष टप्प्याटप्प्याने काढून टाकला, आणि २०२२ च्या प्रयोगांत येशूचा घात करणाऱ्या ज्यूडासची भूमिका गावातल्याच एका मुस्लिम तरुणाने केली. नवस मोडला नाही. तो फेडणाऱ्यांत कोण कोण मोडते याचा अर्थ मात्र गावाने बदलला, आणि तो बदल गावातल्याच माणसांनी झगडून घडवला म्हणून टिकला.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की हे सगळे ठीक, पण प्रवासी आले नाहीत तर कातारी काय खाणार? आक्षेप खरा आहे. झाइफेनच्या बऱ्याच वस्तू नाताळच्या बाजारांत प्रवाशांनाच विकल्या जातात, आणि प्रवाशाच्या पैशाला नाक मुरडण्याचा अधिकार मला, म्हणजे एका प्रवाशाला, मुळीच नाही. पण प्रवाशाचा पैसा कोणत्या वाटेने जातो याला महत्त्व आहे. एका मोठ्या शहराच्या नाताळ बाजारात मी स्थानिक म्हणून घेतलेला धूप जाळणारा लाकडी बाहुला घरी येऊन उलटा केला तेव्हा त्याच्या तळाशी दुसऱ्याच खंडातल्या देशाचे नाव होते. तो करणाऱ्या हातांविषयी माझी तक्रार नाही, त्यांनाही कमी मजुरीत राबावे लागले असणार. पण त्या विक्रीतून झाइफेनमध्ये एकही उमेदवार उभा राहिला नाही. बनावट रूप स्वस्त पडते, कारण त्यात शिकवण्याचा खर्च धरलेला नसतो.

म्हणून नावाला कायद्याचे संरक्षण हवे, आणि इथे आपला संबंध थेट येतो. झोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्यांच्या नावाला जर्मनीने १९३८ पासून स्वतंत्र कायद्याने जपले आहे, पण युरोपीय संघभर हस्तकलेच्या वस्तूंना भौगोलिक मानांकन देणारी एकच व्यवस्था १ डिसेंबर २०२५ पासून कुठे लागू झाली. भारताचा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, आणि त्याखाली पैठणीला, तसेच महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळाले ते युरोपीय संघाच्या या व्यवस्थेच्या कितीतरी आधी. नाव जपण्यात आपण पुढे होतो. मागे आहोत ते हात घडवण्यात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत चर्मकार आहेत आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, पुढचे पंधरा दिवसांचे, आणि दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन. जो आधीच कारागीर आहे त्याला ओळखपत्र, अवजारे आणि कर्ज मिळावे, यासाठी ही योजना उपयोगी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. पण जो अजून कारागीर नाही, ज्याच्या घरात कुणी कधी आरी किंवा मागाचा धोटा हातात धरलेला नाही, त्या सतरा वर्षांच्या मुलामुलीसाठी तीन वर्षांच्या पगारी उमेदवारीची वाट त्यात नाही. आपल्याकडे कारागिरी जातीला बांधलेली राहिली, त्यामुळे ती सोडणे हीच अनेकांची मुक्ती ठरली, आणि ते अगदी न्याय्य होते. ज्यांना ती सोडायची आहे त्यांना सुखाने सोडू द्यावी. पण ज्याला ती धरायची आहे त्याची जात न विचारता, त्याला उस्ताद, पगार आणि परीक्षा देणारी व्यवस्था उभी केल्याशिवाय मानांकनाच्या प्रमाणपत्राखाली पुढच्या पिढीत सही करायला कोण उरणार, हा प्रश्न मला झाइफेनमध्ये छळत राहिला.

तिथल्या एका कार्यशाळेत मी कड्या कातण्याचे काम पाहिले. ही पद्धत या गावाची खासियत आहे आणि ती येणारे कातारी आज मोजकेच आहेत. स्प्रूस झाडाच्या ओल्या ओंडक्याची जाड चकती लेथवर चढवतात आणि पटाशीने तिला आतून, बाहेरून, दोन्ही बाजूंनी अशी खोदत नेतात की एक नक्षीदार कडी तयार होते. ती कडी बांगडीसारखी दिसते, तिच्यात प्राणी कुठेच दिसत नाही. मग सुरी आणि हातोडीने ती केकच्या तुकड्यांसारखी फोडायची, आणि प्रत्येक तुकड्याच्या छेदात घोडा किंवा गाय उभी. कातताना कातारी माणसाला घोडा दिसत नसतो, पाठीचा खळगा किती आणि पायांमधली फट किती हे सगळे हातालाच माहीत असते.

त्या दिवशी लेथवर दुसऱ्या वर्षाची उमेदवार मुलगी होती. दूरच्या शहरातून आलेली, बोलीही इथली नव्हे. तिने कडी उतरवली, उस्तादाने सुरी ठेवून हातोडी मारली, आणि पहिला घोडा निघाला तो मान जाड आणि पोट जमिनीला टेकलेला. उस्तादाने तो अंगठ्याने चाचपला, पोटाखाली नख फिरवून ‘इथे’ एवढेच म्हटले आणि तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. उरलेली कडी शेगडीशेजारच्या टोपलीत गेली. मुलीने कपाळावरचा भुसा मनगटाने पुसला आणि पाण्याच्या टाकीतून नवी चकती उचलली.